गजाननरावांचा समुद्र

गजाननराव माणसांना अरे-तुरे करत आणि झाडांना अहो-जाहो. कारखान्यातल्या साहेबाला "अरे, ऐकतोस का" म्हणणारा हा फिटर गटाराकडेच्या आघाड्यापुढे वाकून "बरे आहात ना?" असं विचारी. पिंपरीच्या आमच्या नव्या वसाहतीत ते माझे भिंतीला भिंत लागून शेजारी आणि कारखान्यातले सोबती.

रविवार आला की स्वारी रानात. "झाडांना त्यांच्या घरी जाऊन भेटावं," हे त्यांचं पालुपद. डोंगरमाथ्यावरची सोनकी, भीमाशंकरच्या जंगलातली आमरी, सगळ्यांना ते भेटून येत, पण काडीही तोडत नसत. त्यामुळे श्रीवर्धनहून एकदा ते गोणीभर वाळू आणि एक वेल घेऊन एस्टीतून उतरले, तेव्हा मी चाटच पडलो. कंडक्टरने म्हणे विचारलं, "राव, बंगला बांधताय काय?"

ती होती मर्यादवेल. समुद्राकाठच्या पुळणीवर, वाळूत पसरणारी, आपट्यासारख्या पानांची. "यांना मी इथे फुलवणार," त्यांनी जाहीर केलं. अख्खी वसाहत हसली. त्यांची बायको, आमच्या वहिनी, मात्र हसल्या नाहीत. त्या त्याच किनाऱ्याच्या. आई गेली, माहेराला कुलूप लागलं, आणि तेव्हापासून त्या कामापुरतंच बोलत. घरातली ती शांतता आम्हाला भिंतीपलीकडेही जाणवे.

वेल अंगणात जरा धरते न धरते तोच गजाननराव भीमाशंकरला गेले, आणि मागे चिखलीच्या किसन दूधवाल्याने दया येऊन वेलीला पाटीभर शेणखत घातलं. वेल अशी मातली की पानंच पानं, कळीचा पत्ता नाही.

"अरे किसना, यांना उपास मानवतो रे," गजाननराव कळवळले.

"आमी जनावराला बी उपाशी ठेवत न्हाई, ही तर येल हाय," किसन म्हणाला.

गजाननरावांनी सगळी माती उपसली, नदीची वाळू धुऊन भरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लोकांनी चेष्टा करायचीही सोडून दिली.

एका सकाळी त्यांनी भिंतीवर दणादण थापा मारल्या. बाहेर येऊन पाहतो तर वाळूवर जांभळट गुलाबी फूल. गजाननराव वरबापासारखे अंगणात फिरत होते. किसनाने तर घागरीतलं दूध सगळ्यांना फुकट वाटलं. मलाही उगाच कॉलर ताठ झाल्यासारखं वाटलं.

वहिनी हात पुसत आल्या आणि वेलीपाशी बसल्या. "आमची सगळी पुळण सकाळी अशीच असायची," त्या म्हणाल्या. मग आईचं सांगू लागल्या, सुकत घातलेल्या मासळीचं, वाऱ्याने उडालेल्या लुगड्याचं. त्या थांबेचनात.

कारखान्याचा भोंगा झाला. गजाननराव उभ्या जन्मात शिफ्टला उशिरा गेले नव्हते. मी म्हटलं, "चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हलकेच म्हणाले, "तू हो पुढे. ती बोलतेय."