द्रुमकीलच्या पट्टीचा कबजा

श्रीसंत पॅट्रिक समर्थ. लेट्रीम प्रांतीं, सरोवराचे तीरीं, द्रुमकील नामें मौजे आहे, जेथें माणसांहून गाई अधिक आणि गाईंहून पाऊस अधिक. तेथील राजमान्य अट्रॅक्टाबाई गिलहूली यांणीं एक पट्टी जमीन कैसी राखिली, याचें साद्यंत वर्तमान, घडलें तैसें, क्वचित् थोडें वाढोन, नमूद केलें असे.

बाईंचे मागील दारापासोन सरोवरापर्यंत ती पट्टी. रुंदी इतुकी कीं गाढव आडवें उभें राहिलें तर शेपूट परमुलखांत जाईल. कागदीं ती शेजारील मातबर असामी मॅलकी टियर्नन यांची. परंतु त्यांणीं तिकडे ढुंकोन पाहिलें नाहीं आणि काटेरान माजलें, मग बाईंनीं, ऐन जून महिन्यांत टेकडीवर पेटते त्या सेंट जॉनच्या होळीचे दिवशीं, कोयता घेवोन रान तोडिलें, आणि तारेचें कुंपण घातलें, आणि बटाटे लाविले, आणि कार्डिनल नामें आपलें गाढव तेथें किल्लेदार नेमिलें. त्या देशीं कायदा ऐसा कीं, जो कोणी परक्याची जमीन उघडपणें, मालकाचे परवानगीवांचोन, एक तप अखंड भोगील, त्याजपुढें मालकाचा हक्क बुडाला.

तप भरत आलें, तों खबर आली कीं डब्लिनचे कोणी धनवंत पट्टीसुद्धां मॅलकींची जमीन घेवोन सरोवराकांठीं दुमजली बंगला उठविणार. म्हणजे बाईंचे खिडकींतोन सरोवर गेलें, बटाटे गेले, आणि मागील दार उघडिलें तर समोर भिंत.  मग बाई तालुक्याचे गांवीं वकील डिम्प्ना रेगन यांजकडे मसलतीस गेल्या.

वकीलीणबाईंचें फर्मान जाहलें तें ऐसें: "मॅलकी येईल, गोड बोलेल. 'खुशाल वापर' म्हणेल. तुम्ही 'बरं' म्हणालात की संपलं. मग इतकी वर्षं तुम्ही त्याच्या मेहेरबानीवर होतात असं ठरेल."

"मग काय म्हणू?"

"नको म्हणा."

"शेजारी प्रेमानं देतोय आणि नको म्हणू? माझी आई थडग्यातून उठून कानाखाली वाजवील."

"दोनदा म्हणताच की सगळे. तिसऱ्यांदाही म्हणा."

येथें जाणिजे, त्या मुलखीं चहा असो वा राज्य, पुढें केलेली वस्त दोनदां नाकारावी आणि तिसरे वेळीं घ्यावी ही कुळरीत. पहिल्यांदां घेई तो हावरट, तिसऱ्यांदां नाकारी तो जन्माचा वैरी. बाईंची जीभ याच रीतीनें घडलेली, यास्तव बाईंस गनीमाहोन आपले जिभेची धास्ती अधिक.

आणि मॅलकीराव आले. हातीं सफरचंदाचा टार्ट, मुखीं साखर. स्वयंपाकघरीं मुक्काम करोन त्यांणीं पहिला हल्ला केला: "अट्रॅक्टा, त्या पट्टीचं मनाला लावून घेऊ नकोस गं. माझ्याकडून परवानगी समज. बंगला उठेपर्यंत लाव तुझे बटाटे."

"नको रे मॅलकी."

"अगं, लाव की."

"छे छे, कशाला उगाच."

"संकोच कसला? मी सांगतोय ना."

तिसरी वेळ भरली. जीभ वळवळों लागली, 'बरं' हा शब्द दातांपर्यंत दौडत आला, तों बाईंनीं प्रसंगावधान करोन टार्टचा अर्धा भाग मुखीं कोंबिला आणि वेस बंद केली. मॅलकीराव सभ्य पुरुष. भरल्या तोंडाच्या बाईकडे उत्तर मागणें त्यांचे संस्कारांत नाहीं. ते थांबले. बाई चावत राहिल्या. चावोन सरे तों उरलेला अर्धाही आंत गेला. अखेर मॅलकीराव टोपी घालोन म्हणाले, "आवडला वाटतं," आणि रिकामें भांडें घेवोन माघारी फिरले.

मग होळीचा दिवस उगवला. ती पेटली कीं तप पुरें. मॅलकीरावांचे वकीलानें नवी तजवीज सांगितली कीं आतां बोलणें नलगे. मालकानें मालकासारखें पट्टींत चालोन जावें, इतुकियानेंच बाईंचा कबजा मोडला. साक्षीस फादर कोलमन यांस घेतलें आणि तिघांची स्वारी दुपारीं फाटकाशीं ठाकली. बाई बटाट्यांत उभ्या. हातीं फावडें, परंतु तें चालवावयाचें कोणावर? फाटकास कुलूप नाहीं, गवताचे गठ्ठे बांधावयाची निळी दोरी मात्र. बाईंनीं मनांत म्हटलें, गेली पट्टी.

मॅलकीरावांनीं दोरी सोडिली. मग पाऊल उचलिलें. मग जन्मभराचे वळणानें तें तैसेंच थांबलें, आणि त्यांणीं टोपी काढिली, आणि बूट गवतास पुसले, आणि पुसिलें, "अट्रॅक्टा, येऊ का गं आत?"

वकीलानें डोळे मिटिले.

"ये की," बाई बोलिल्या. "तेवढा वाफ्यात पाय देऊ नकोस."

"नाही गं देणार," म्हणोन मॅलकीराव कडेकडेनें आंत आले.

"टियर्ननसाहेब," वकील दांत खावोन म्हणाले, "मालक म्हणून आला होतात. तिची परवानगी घेऊन पाहुणे झालात. तेही धर्मगुरूंच्या देखत."

"मग काय, बाई समोर उभी असता न विचारता शिरू? गुरं आहोत का आपण?"

फादर खोकले आणि म्हणाले, "विचारलं त्यानं. मला खोटं बोलता यायचं नाही."

मॅलकीराव बराच काळ सरोवराकडे पाहात राहिले. आपले जमिनींतोन तें ऐसें दिसतें, हें त्यांस प्रथमच कळलें. मग बाईंस म्हणाले, "बंगला तसाही कुरूपच दिसला असता गं," आणि वकीलास घेवोन घरास गेले. सांजेस टेकडीवर होळी पेटली आणि तप पुरें जाहलें.

येणेंप्रमाणें द्रुमकीलची पट्टी फत्ते जाहली. गनीमाकडील हानी, एक पट्टी. बाईंकडील हानी, बटाट्याचें एक रोप, तें फादर यांचे बुटाखालीं, कीं जे न विचारतां आंत शिरले होते. दुसरे दिवशीं पहांटे बाईंनीं मागील दार उघडिलें, उंबऱ्यावर क्षणभर थांबोन कोणी हटकतें काय हें पाहिलें, आणि आपले मुलखांत पाऊल ठेविलें. हें वर्तमान येथें कायम केलें असे.