विहिरीच्या पूर्वेचे पहिले घर

तीनशे अकरा वर्षांपूर्वी सांगितलेले एक भाकीत सोमवारी सकाळी पावणेअकरा वाजता नगरपरिषदेत आले आणि आपल्याला येत्या गुरुवारी घडायचे आहे, असा अर्ज त्याने आवक खिडकीवर दिला.

खिडकीवर दामोदर नाझरे होते. अर्जाला तिकीट नव्हते, ते त्यांनी आधी लावून आणायला सांगितले. भाकीत मुकाट्याने जाऊन तिकीट लावून आले. वयाच्या मानाने ते ताठ होते. पायांत जाड वहाणा आणि काखेत फडक्यात गुंडाळलेला तांब्याचा पत्रा. त्या पत्र्यावर त्याचा मजकूर कोरलेला होता, तेवढीच त्याची कागदपत्रे. नाझऱ्यांनी मजकूर अर्जाशी ताडून पाहिला. 'पेठविहिरीच्या पूर्वेस जे पहिले घर, ते आजपासून तीनशे अकराव्या वर्षी वैशाख वद्य पंचमीस दिवस मावळण्याच्या आत रिकामे होईल.' त्यांनी शिक्का मारला, क्रमांक घातला, पोच फाडून दिली, आणि मग त्यांच्या लक्षात आले की ते घर आपलेच आहे.

घरात ते आणि त्यांची अनसूयाआत्या अशी दोनच माणसे. गुडघ्यांमुळे आत्याने नऊ वर्षांत उंबरा ओलांडला नव्हता. आता चौघांच्या खांद्यावरूनच बाहेर पडेन, असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. तेव्हा घर गुरुवारी रिकामे होण्याचा एकच मार्ग उरत होता, आणि तो नाझऱ्यांना मान्य नव्हता.

संध्याकाळी जेवताना त्यांनी आत्याला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले, ताकाचा घोट घेतला.

"दामू, त्याला म्हणावं दुसरं घर बघ," ती म्हणाली. "माझ्या सगळ्या चिंचा अजून फोडायच्यात."

मंगळवारी मुख्याधिकारी सदाफुले यांच्यासमोर सुनावणी झाली. सदाफुल्यांना पहिली शंका अशी होती की जे होणारच म्हणून सांगितलेले आहे, त्याने परवानगी मागायला यावेच कशाला.

"मला फक्त तारीख सांगितलेली आहे, साहेब," भाकीत म्हणाले. "बाकीचं येऊन जुळवावं लागतं. आम्ही अकरा भावंडं. चौघं खरी ठरली, त्यातली दोघं ओढूनताणून. सहा खोटी निघाली. त्यांचं नाव आमच्याकडे कोणी काढत नाही. उरलो मी."

सदाफुल्यांना हे पटले. अर्ज मंजूर करायला त्यांची काही हरकत नव्हती. नाझऱ्यांनी तेव्हा उभे राहून लेखी हरकत दिली. पेठेतली विहीर एकोणीस वर्षांपूर्वी बुजवली असून तिच्यावर आता शिंप्याचे दुकान आहे. मात्र विहीर नोंदवहीतून कमी करायला वरून मंजुरी लागते आणि ती अजून आलेली नाही. म्हणून तेव्हाच्या साहेबांनी ती विहीर नोंदवहीत कचेरीच्या पश्चिमेला, हापशाच्या जागी हलवली. दरवर्षी तिच्यातला गाळ काढल्याचा आणि तिच्यात पावडर टाकल्याचा दाखला होतो, त्यावर मुख्याधिकाऱ्यांची सही असते. म्हणजे पेठविहिरीच्या पूर्वेची पहिली इमारत ही कचेरीच होय.

सदाफुल्यांनी नोंदवही मागवली. शेवटच्या सहा सह्या त्यांच्याच होत्या. विहीर तिथे नाही म्हणावे तर त्या सह्या खोट्या ठरत होत्या. त्यांनी बुधवारी स्थळपाहणी ठेवली.

पाहणीच्या वेळी भाकीत हापशासमोर बराच वेळ उभे राहिले. "हा हापसा आहे," ते म्हणाले.

"नोंदीत विहीर आहे," सदाफुले म्हणाले.

"मी नोंदीवर घडत नाही. मला नंतर नावं ठेवतील."

मग त्याने स्वतःच दांडा दहा-बारा वेळा मारला, ओंजळ धरली आणि पाणी प्यायले. थोडे तोंडात घोळवले. पाणी ओळखीचे असल्याचे त्याने पंचनाम्यात नोंदवून घेतले.

सदाफुल्यांना आता आपली खुर्ची बाहेर जाताना दिसू लागली होती. सगळे आत परतल्यावर त्यांनी मुद्दा काढला की मजकुरात घर म्हटले आहे आणि ही कचेरी आहे. भाकितालाही तो मुद्दा बरोबर वाटला. घर म्हणजे जिथे माणूस निर्धास्त झोपतो ती जागा, अशी त्याची समजूत होती, आणि कचेरीत कोणी झोपते का, असे त्याने सगळ्यांना विचारले. बांधकाम खात्यातले कारकून खिडकीबाहेर पाहू लागले.

नाझऱ्यांनी खणातून एक वही काढली. तिच्याबद्दल त्यांनी कोणाला कधी सांगितले नव्हते, आणि ती ते का लिहीत होते हे त्यांनाही सांगता आले नसते. कचेरीत कोण किती वाजता झोपले आणि किती वाजता उठले, याची बावीस वर्षांची रोजची नोंद तिच्यात होती. त्यांनी अलीकडचे एक पान उघडून वाचले.

"सदाफुले साहेब, दोन दहा ते दोन पन्नास. कूस एकदा बदलली."

"नाझरे," सदाफुले म्हणाले, "तुम्ही स्वतः कधी झोपला नाहीत?"

"मी लिहीत होतो, साहेब."

सदाफुल्यांनी वही मागून घेतली आणि आपली बरीच पाने वाचली. एका ठिकाणी त्यांनी पाच मिनिटांची दुरुस्ती सुचवली. मग पानाखाली सही करून कचेरी हे घर असल्याचे मान्य केले.

गुरुवारी सकाळपासून कचेरी रिकामी करायला घेतली. सामान कुठे न्यायचे हा प्रश्न होता, आणि जवळपास ओसरी मोठी असलेले घर एकच होते. नऊ टेबले, अकरा कपाटे आणि दप्तरांचे गठ्ठे नाझऱ्यांच्या घरी आले. दोन ते तीन काम थांबले, कारण वहीप्रमाणे ती वेळ ठरलेली होती. तीननंतर पंखे उतरवले. सहा वाजून चाळीस मिनिटांनी सदाफुले खुर्ची स्वतः उचलून बाहेर पडले. भाकिताने सगळ्या खोल्यांतून एकदा फिरून खात्री केली आणि दार ओढून घेतले. तेरा मिनिटांनी दिवस मावळला.

उंबऱ्याच्या आतूनच आत्याने सदाफुल्यांना पायरीवरच थांबवले. "चपला खाली काढ, बाबा. साहेब तू तिकडचा." त्यांनी चपला काढल्या.

शुक्रवारी साडेदहाला नव्या जागेत काम सुरू झाले. पहिला अर्ज भाकिताचाच होता. आपण घडल्याचा दाखला त्याला हवा होता. घरच्यांना दाखवायचा होता. नाझऱ्यांनी तिकीट पाहिले, शिक्का मारला आणि कामाचे सात दिवस लागतील असे सांगितले. भाकीत आत गेले आणि आत्याच्या समोर बसून चिंचोके काढू लागले. त्याचा हात चांगला होता, असे ती नंतर म्हणाली.

दोन वाजता आत्या कपाटांच्या मध्ये चटई टाकून आडवी झाली. नाझऱ्यांनी वही उघडली. तिच्यात घरचे नाव आजवर कधी आले नव्हते. 'अनसूयाबाई' असे लिहून त्यांनी झोपेच्या रकान्यात दोन घातले आणि उठण्याच्या रकान्यावर पेन धरून बसले. खिडकीवर रांग लागली होती, ती तशीच थांबली. भाकिताने चिंचोक्यांचा आवाज कमी केला.

सव्वातीनला आत्या उठली आणि तिने चहा कोणकोण घेणार म्हणून विचारले. नाझऱ्यांनी वेळ लिहिली, आणि रांगेतल्या पहिल्या माणसाचा अर्ज हातात घेतला.