नलवड्यांची मराठी

सत्तर सालच्या आसपास आमच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बळवंतराव नलवडे बसत. कोल्हापुरातल्या पेठेत जन्म गेलेला माणूस, पण बोलायचा जुन्या रहस्यकादंबरीतल्यासारखा. मुरगूडहून अर्ज घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ते विचारत, "महाशय, आपले आगमन कोणत्या हेतूने झाले?" महाशय कोण म्हणून तो मागं वळून बघायचा. एकानं तर हात जोडले. "पावणं, मराठीत बोला की."

एकदा टाचण्यांची डबी सापडेना. नलवडे दारात आडवे उभे राहिले. "या दालनातून कोणीही बाहेर पाऊल टाकू नये." साहेबसुद्धा थांबले. डबी नलवड्यांच्याच खिशात निघाली. "गुन्हेगार हाती लागला," म्हणून ते शांतपणे जागेवर जाऊन बसले.

पुढं साहेबांची बदली झाली. निरोप समारंभात नलवड्यांची नक्कल करायचं मी ठरवलं आणि तयारीसाठी त्यांच्याकडंच एक कादंबरी मागितली. "मलाही वाचून बघायचंय," म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाकी कव्हर घातलेलं पुस्तक दोन्ही हातांनी दिलं. "पहिल्याच प्रकरणात हृदयाचा थरकाप होतो, महाशय."

मला हसू आवरेना. नायिकेला दर प्रकरणात मूर्च्छा यायची. खलनायक विकट हास्य केल्याशिवाय साधं दारही उघडत नसे. गुप्तहेर कोटटोपीसकट विहिरीत उतरायचा. मी वाक्यं वहीत उतरवत होतो आणि नलवडे रोज विचारत होते, "आपण तळघरापर्यंत पोहोचलात काय?" मी मान डोलवायचो. ते खूश व्हायचे.

नक्कल फार रंगली. लोक पोट धरून हसले. नलवडेही हसले, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी चंदगडचा एक माणूस आला. नलवड्यांनी वर न बघताच विचारलं, "काय काम हाय?"

त्यानंतर ते कायम तसंच बोलले. मला वाटलं, आठवड्याभरात येतील मूळ पदावर. आले नाहीत. महिन्याभरानं पुस्तक परत द्यायच्या निमित्तानं मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी, मी कचेरीत नवाच लागलो त्या सुमारास वारली होती, एवढं ठाऊक होतं. तेव्हा मी भेटायला गेलो नव्हतो. त्यांनी स्वतःच स्टो पेटवून चहा ठेवला.

"त्या दिवशी जरा जास्तच झालं," मी सुरुवात केली.

"न्हाय ओ, बेस केलीसा नक्कल." त्यांनी चहा गाळला. "आमची मंडळी कानडी मुलखातली. लग्न झालं तवा मराठीचा एक शब्द येत नव्हता तिला. मी रोज संध्याकाळी ह्या कादंबऱ्या वाचून दाखवायचो. त्यातनंच शिकली. मंडईत भाजीवालीला म्हणायची, बाई, ही वांगी मला संशयास्पद भासतात. सगळी मंडई हसायची."

ते स्वतःशीच हसले.

"तीस वर्षं घरात आम्ही तसंच बोललो. ती गेली, मग कुणाबरोबर बोलायचं? म्हटलं, हापिसात तरी बोलावं."

त्यांनी बशी माझ्याकडं सरकवली. "घ्या, चहा निवतोय."

माफी मागायची म्हणून गेलो होतो. चहा प्यालो, नव्या साहेबांबद्दल चार गोष्टी बोललो आणि घरी आलो.