पोस्टमनच्या बायकोचं हसू

आमचे हे माझ्यापासून काही लपवत नाहीत, असं मी बिल्डिंगभर सांगून ठेवलं होतं. हे पोस्टमन. परवा भर दुपारी ह्यांना आणि ह्यांच्या जोडीच्या पोस्टमनला कुणीतरी अडवलं आणि काहीतरी हिसकावून नेलं. दोघांना खरचटलंसुद्धा नाही. पण काय नेलं ते कुणाला सांगायचं नाही, तोंडातून शब्द गेला तर नोकरी गेली, असा वरून हुकूम.

"मलासुद्धा नाही?"

"तुला तर मुळीच नाही," म्हणाले आणि बिनसाखरेचा चहा ओढत बसले.

आता मी जिना कुठल्या तोंडाने उतरायचा?

उतरले. समोरच्या काकूंनी गाठलंच. "पासपोर्ट होते ना गं?" मी नुसती हसले. खालची शिंपीण म्हणाली, "टपालपेट्यांच्या चाव्या असणार, वहिनी." तिच्याकडे बघूनही हसले. निवृत्त हेडमास्तरांना हिऱ्यांचा संशय होता. त्यांच्यासाठी जरा जास्त हसले, वस्तूच तेवढी भारी होती. संध्याकाळपर्यंत पासपोर्ट, चाव्या, हिरे, सगळं नक्की झालं. कुणाच्या भरवशावर? तर माझ्या! आणि मी एक अक्षरही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फौजदार दारात. मागे जिनाभर बिल्डिंग.

"बाई, काय गेलं ते पोस्टमास्तरांना माहीत आहे, दोन पोस्टमनना माहीत आहे आणि चोराला माहीत आहे. तुम्ही यांतल्या कोण?"

हे टॉवेल घेऊन तसेच बाहेर आले. चेहरा पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखा कोरा. माझं हसू ह्यांची नोकरी घेऊन निघालं होतं.

मग मी लाज गुंडाळून ठेवली. "साहेब, मला कोण काय सांगतंय? ह्यांची बदली झाली ती मला शिंपिणीकडून कळली. रक्तात साखर निघाली ती काकूंकडून. माझा नवरा मला काही म्हणजे काही सांगत नाही."

जिन्यात काकूंनी डोळे टिपले.

फौजदारांनी टोपी चढवली. "पटलं. आमच्या घरीही हीच तक्रार आहे."

दार लागलं. ह्यांनी न सांगता माझ्यासाठी चहा टाकला, भरपूर साखर घालून.

"आता तरी सांगा."

"आत्ताच तर वाचलो," म्हणाले.

तेव्हापासून बिल्डिंगला माझी दया येते. सगळे आपणहून बातम्या आणून देतात. काल काकू म्हणाल्या, "त्या दुसऱ्या पोस्टमनच्या बायकोला मात्र सगळं ठाऊक आहे हो."

"कशावरून?"

"विचारलं की नुसती हसते."

"बिचारी," मी म्हटलं.