शालूच्या फोनमधला चष्म्याचा स्क्रू

वऱ्हाडात ज्या माणसाला उन्हाळ्याच्या तोंडी कूलरची मोटर बदलता येते, तो स्वतःला मेकॅनिक समजू लागतो. मी त्यातलाच. दर मार्चमध्ये कूलर गच्चीवरून खाली आणायचा, जुना वाळा काढून नवा भरायचा, मोटर खटखट करत असेल तर तिला तेल पाजायचं, आणि पहिला गार झोत आला की घरातल्यांकडे असं बघायचं, जणू वारा मीच शोधून काढला. (एकदा कूलरचा शॉक बसून मी पाण्याच्या बादलीत जाऊन बसलो होतो. ते आमच्या घरात कुणी विसरत नाही, पण तो विषय वेगळा.) सांगायचं एवढंच, की यंत्राला हात लावायची मला भीती वाटत नाही. वाटायला हवी होती.

झालं असं, की शालूच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, मोबाइलचा स्पीकर बिघडला. खालचा, ज्यातून रिंग वाजते तो. कानाला लावून बोललं तर नीट ऐकू यायचं, पण रिंग अशी वाजायची, की जणू पिशवीत भुंगा अडकलाय. शालू स्वयंपाकघरात असली तर तिला पत्ताच लागत नसे. आमची एकुलती एक लेक दीक्षा नागसेनशी लग्न होऊन अकोल्याला गेली आहे. तिची सासू घरात नसली की ती आईला फोन लावते. आईने उचलला नाही की घाबरून मला ऑफिसात लावते. मी आवक-जावकच्या टेबलावरून उठतो, शेजारच्या किसनरावांना फोन करतो, किसनराव भिंतीवरून शालूला हाक मारतात, आणि शालू माझ्यावर चिडते की गावाला कशाला कामाला लावता.

फोन आला की शालू तो घेऊन गच्चीवर जायची आणि बराच वेळ खाली यायची नाही. काय बोललात, असं मी विचारलं तर "काई नाई, असंच" हे ठरलेलं उत्तर. मायलेकींचं काय गुपित असतं, ते मला कधी कळलं नाही. (कळलं, पण कसं, तेच सांगतोय.)

चौकातला दुकानदार म्हणाला, फोन ठेवून जा, परवा घेऊन जा. शालू काही फोन ठेवायला तयार होईना, पोरीचा फोन आला तर काय करायचं म्हणून. तेव्हा मी ते वाक्य बोललो. मी म्हणालो, "त्यात काय हाये? मीच बसवतो."

शालू म्हणाली, "अवो, तो कूलर नाई."

एवढंच म्हणाली. आणखी थोडं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

स्पीकर कुरिअरने आला. चिंचोक्याएवढा. आता फोनची पाठ उघडायची, तर ती चिकटवलेली असते. दुरुस्तीचा एक व्हिडिओ मी बघून ठेवला होता; त्यातला माणूस म्हणाला, केस वाळवायच्या मशीनने गरम हवा द्या, डिंक सुटतो. ती मशीन दीक्षासोबत अकोल्याला गेलेली. पण महिना मे होता आणि मी अमरावतीत होतो. गच्चीवर शालूच्या कुरोड्या वाळत होत्या. त्यांच्या शेजारी टिनाच्या पत्र्यावर मी फोन पालथा ठेवून दिला आणि खाली येऊन ताक प्यालो.

आणायला गेलो तेव्हा फोन हातात धरवेना. फडक्यात गुंडाळून खाली आणला. पाठ मात्र उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटली. मी खूश झालो. व्हिडिओतल्या माणसाला जे यंत्राने करावं लागलं, ते आमच्याकडे नुसतं ठेवून होतं. उरलेला डिंक ऑफिसच्या ओळखपत्राने खरवडला. त्यात माझ्या फोटोतलं नाक गेलं, पण साहेब तसंही माझ्या तोंडाकडे बघत नाहीत.

स्क्रू निघाले मोहरीएवढे. ते मी डबीच्या झाकणात ठेवले आणि घाम आला म्हणून कूलर सुरू केला. माझ्याच हाताने नवा वाळा भरलेला कूलर. त्याच्या झोताने झाकण उडालं आणि स्क्रू घरभर झाले. पोटावर झोपून, पलंगाखाली टॉर्च मारून सगळे शोधले. एक काही सापडला नाही. लोक म्हणतात दुरुस्तीनंतर स्क्रू उरतो. मला कमी पडला. मग सुचलं, की माझ्या चष्म्याच्या काडीला तेवढाच स्क्रू आहे. तो काढून फोनला लावला. इतका चपखल बसला, की मला स्वतःचं कौतुक वाटलं. काडी नुसती खोचून ठेवली. डोकं फार हलवलं नाही तर चष्मा राहत होता.

स्पीकरच्या शेजारी एक रबराचं बारकं बूच होतं. व्हिडिओत ते दिसलं नव्हतं. ते मधेच निघून आलं, म्हणून मी त्याला बसेल असं वाटलं तिथे बसवून दिलं. आपला आवाज फोनच्या आत जातो, तो तिथूनच जातो, हे मला नंतर कळलं.

फोन सुरू केला, माझ्या फोनवरून रिंग दिली, आणि काय सांगू, घर दणाणलं. गच्चीवर कुरोड्या गोळा करणाऱ्या शालूने वरून विचारलं, काय झालं म्हणून. मी म्हणालो, झालं. बोलून बघायचं मला सुचलं नाही. जे वाजवायचं होतं ते वाजलं होतं.

माणसाने इथे थांबावं. मी फोन घेऊन ओट्यावर गेलो.

ऊन उतरल्यावर आमच्या ओट्यावर किसनराव येऊन बसतात. समोरच्या पार्बताबाई असतात, आणखी कुणी येणारं-जाणारं टेकतं. किसनरावांबद्दल सांगायला हवं. दीक्षाची सोयरीक त्यांनीच जमवली. दीक्षाच्या सासूबाई, माणिकबाई, या त्यांच्या मामेबहीण. त्यामुळे आमच्या आणि अकोल्याच्या मधला माणूस म्हणजे किसनराव. माणूस मनाने चांगला आहे. हे मी आजही म्हणतो, जरा कष्टाने.

मी सगळ्यांना दुरुस्तीची हकीकत सांगत होतो. उन्हाने डिंक कसा सुटला, इथवर आलो होतो, तेवढ्यात हातातला फोन वाजला. दीक्षा. याहून चांगली परीक्षा कुठली, असं म्हणून मी फोन उचलला आणि ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"आई? हॅलो? आई, तुहा आवाज येऊन नाई राहिला."

"बोल बेटा, मी बाबा," मी म्हणालो. ते बुचाच्या अलीकडेच राहिलं.

"बरं, माहं ऐकू येत असंल तं तू फक्त ऐक. सासूबाई भाजी आणाले गेल्या, येतीनच आता. आज डॉक्टरनं पाह्यलं. सगळं बरोबर हाये म्हणे. आई, ठोके ऐकवले मले."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पार्बताबाईंच्या डोक्यात आधी पडला, कारण त्या चटकन पुढे सरकल्या. मी फोन बंद करायला झटक्याने मान खाली घातली आणि चष्म्याची काडी निसटली. चष्मा पडला पायरीखाली. चष्म्याशिवाय मला फोनवर एक लाल ठिपका आणि एक हिरवा ठिपका असं काहीतरी दिसतं, आणि दोन्ही हलतात. मी दाबत सुटलो. बाजूचं बटण दाबलं तर आवाज आणखी वाढला.

"तीन महिने होऊन जाऊ दे, तवरी कोनालेच सांगू नको. बाबालेही नाई. त्याईच्या पोटात काई राहत नाई."

मी फोन पोटाशी धरला. बनियनमधूनही अक्षर न् अक्षर कळत होतं. शेवटी मी त्याच्यावर बसलो.

"मागच्या दिवाळीत सर्वाईले सांगतलं," माझ्याखालून माझी लेक सांगत होती, "अन् मंग सर्वाईले एकेकाले पुन्हा सांगा लागलं, की आता नाई हाये. आता नाई होत आई माह्याच्यानं. तुले अन् नागसेनले माहीत हाये, बस."

ओट्यावर कुणी हसत नव्हतं. मागच्या दिवाळीचं मला माहीत होतं. पण एकेकाला पुन्हा सांगताना तिला काय झालं असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. ती फोनवर मला म्हणाली होती, "बाबा, ते राहिलं नाई," आणि मी म्हणालो होतो, "बरं, जेवण कर." लाज वाटली मला. फोनवर बसून लाज वाटणं फार वाईट असतं.

शालू जिना उतरून धावत आली. पदरातल्या कुरोड्या जिनाभर सांडल्या होत्या. तिने मला हाताला धरून उठवलं, फोन घेतला आणि बंद केला. मग तिने सगळ्यांपुढे हात जोडले. म्हणाली, पोरीचं ऐकलं ते ऐकलं, बाहेर कुठे बोलू नका.

सगळ्यांनी माना डोलावल्या. किसनराव म्हणाले, "आपून काय परके हावो का, वहिनी?" मग जाता जाता मला म्हणाले, "पण आवाज मात्र खणखणीत करून देला तुमी, श्रावणराव."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. बाहेर बोलायचं नाही, हे त्यांनी पाळलं. फक्त माणिकबाई म्हणजे बाहेरच्या नव्हेत, असा त्यांचा हिशेब होता. घरी पोचताच त्यांनी अकोल्याला फोन लावला. माणिकबाईंच्या मते त्यांच्या बहिणीही बाहेरच्या नव्हत्या आणि वलगावच्या जावा तर नाहीच नाही. शालू दीक्षाला काय झालं ते सांगायला माझ्या फोनवरून नंबर लावत होती, तो लागत नव्हता. लाइनीवर आमचेच नातेवाईक होते.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने अकोल्याला गेलो. सोबत आंब्यांची पेटी घेतली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी माफीची वाक्यं पाठ केली. पुढे ती कमी वाटली म्हणून नवी केली. दीक्षाने दार उघडलं. तिच्या हातातला फोन वाजत होता आणि ती उचलत नव्हती. पलीकडून कोण असेल आणि काय विचारेल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

ती रागावली नाही. तिने पाणी आणून दिलं, पंखा माझ्याकडे वळवला, आणि म्हणाली, "बाबा, तीन महिने झाले की पयला फोन मी तुमालेच करणार होती. आईले म्हनलं होतं, बाबाले तू नको सांगू, मी सांगीन."

मी पाणी पीत राहिलो. पाठ केलेल्या वाक्यांपैकी एकही इथे बसत नव्हतं. मग मी तिला विचारलं, आंबे फ्रीजमध्ये ठेवू का.

त्यानंतरचे महिने कसे गेले, ते मला विचारू नका. अकोल्याचा नंबर दिसला की मी आधी खुर्चीवर बसून घ्यायचो आणि मग फोन उचलायचो. काही झालंच असतं तर तिला पुन्हा एकेकाला सांगावं लागलं असतं, आणि यावेळी ती माणसं मी वाढवून ठेवली होती. कुणी अभिनंदन केलं की मी विषय बदलायचो. लोक म्हणायचे, श्रावणरावला आनंदच नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमच्याकडची रीत. शालूने खोलीला रंगही द्यायला लावला. पण दीक्षा म्हणाली, माझी डॉक्टर अकोल्यातच आहे, मी इथेच राहते. डॉक्टरचं कारण खरं असेल. पण तिचा तो निरोप मला सांगताना शालूने माझ्याकडे पाहिलं नाही, त्यावरून मला काय ते समजलं. शालू नवा फोन घेऊन अकोल्याला गेली. जुना तिने कपाटात ठेवून दिला. माझ्या चष्म्याचा स्क्रू अजून त्यातच आहे. चष्म्याला मी दोरा बांधलाय.

हिवाळ्यातल्या एका सकाळी मी अंगणात पाणी तापवत होतो. फोन भिंतीवर, आवाज पूर्ण मोठा केलेला. तेवढ्यात भिंतीपलीकडून किसनरावांचा हात आला. हातात कागद, कागदात गरम जिलबी.

"घ्या, श्रावणराव. नात झाली तुमाले."

मी विचारलं, कोण म्हणालं. ते म्हणाले, माणिकबाईचा फोन आला होता, तुम्हाला नाही आला का? मी माझ्या फोनकडे पाहिलं. म्हणजे बातमी आली, किसनराव चौकात गेले, कढईपाशी उभे राहिले, जिलबी तळून झाली आणि ते परतही आले, इतका वेळ तो भिंतीवर गप्प होता.

मी शालूला फोन लावला. ती हळू आवाजात म्हणाली, "अदुगर सांगा, स्पीकर चालू नाई ना?"

"नाई. कानालेच लावला हाये."

"मंग ऐका. पोट्टी झाली. दोघीबी बऱ्या हायेत." तिचा आवाज भरून आला. दोघीही बऱ्या होत्या. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मग ती म्हणाली, "पण दीक्षा म्हणते, आता लगेच किसनरावाईले सांगू नका."

किसनराव भिंतीवर कोपर टेकून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"नाई सांगत," मी म्हणालो, आणि दुसरी जिलबी घेतली.