पुडोंगच्या काचा आणि रणपिसेंची हवा

रणपिसेसाहेब कुणाच्याही घरी आले की चपला काढायच्या आधी खिडकीकडे बघतात. "उघडा," म्हणतात. बाहेर बर्फ पडत असू दे, घरातलं कुणी तापानं फणफणत असू दे, सगळ्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघड्या टाकल्याशिवाय हा माणूस चहाला हात लावत नाही. "आधी हवा, मग बाकीचं." गेल्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई पुण्याहून इथं जर्मनीत, बॉबलिंगेनला आल्या होत्या. त्यांना स्वेटरवर स्वेटर चढवून आम्ही सोफ्यावर बसवलं होतं, तेवढ्यात रणपिसे आले. ते गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "अगं, हे तुमचे घरमालक का?"

घरमालक कसले! माझे सहकारी. गाड्यांच्या ब्रेकवर काम करतात आणि आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. खिडक्या उघडून घराला हवा देणं हा इथल्या जर्मनांचा धर्मच आहे. त्याला ते लुफ्टन म्हणतात आणि भाडेकरारातसुद्धा लिहून घेतात. पण जर्मन माणूस आपल्या घरापुरती हवा घेतो. रणपिसेंनी साऱ्या जगाला हवा द्यायचा मक्ता घेतलाय. ऑफिसात बैठक रंगात आली की हे उठून खिडकी उघडतात आणि सगळ्यांचे कागद गोळा करत बसावं लागतं. आमच्या जर्मन बॉसनंही त्यांच्यापुढे हात टेकलेत.

असा माणूस यंदा माझ्याबरोबर शांघायला आला. निमित्त होतं एका सप्लायरचा कारखाना बघायचं. खरं कारण मला त्यांच्या बायकोनं, वीणाताईंनी, निघताना जिन्यात सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी रुजुता बॉबलिंगेनची पक्की नोकरी सोडून शांघायला गेली होती. त्यावरून बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं आणि तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं.

"भेटायला तयार झालीय एकदाची," वीणाताई म्हणाल्या. "तेवढं यांना सांभाळ गं. हे काहीतरी घोळ घालतील आणि पोर कायमची तुटेल."

सांभाळायचं म्हणजे काय करायचं, हे मात्र त्या बोलल्या नाहीत.

रुजुताचं ऑफिस पुडोंगमध्ये, अगदी नदीकाठी. ह्वांगपू नदीच्या अलीकडे जुन्या दगडी इमारती, आणि पलीकडे बघून बघून मान दुखावी असे काचेचे मनोरे. आम्ही फेरीबोटीनं निघालो. बोटीतली सगळी माणसं फोन उंच धरून फोटो काढत होती. रणपिसे नुसते बघत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडत चालला होता.

"एकही उघडत नाही गं."

"काय?"

"खिडकी! एवढी काच, पण अख्ख्या भिंतीत एक फट दिसत नाही. आल्झो, म्हणजे आत माणसं आहेत की लोणची?"

"अहो, तुम्ही मुलीला भेटायला आलाय."

"गेनाऊ, गेनाऊ, बरोबर आहे," ते म्हणाले आणि पुन्हा वर बघायला लागले.

रुजुता खाली दारापर्यंत घ्यायला आली. उंच, केस बारीक कापलेले, गळ्यात ऑफिसचं कार्ड. जर्मनीत वाढलेल्या बहुतेक मुलांसारखं तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. "हालो, पापा," म्हणून तिनं हात पुढे केला. बापानं तो घेऊन हलवला. सप्लायरलासुद्धा आम्ही यापेक्षा प्रेमानं भेटलो होतो.

तिनं आम्हाला वर नेलं, माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. तिच्या टेबलापाशी उभं राहिलं की पायांखाली नदी वळण घेत जायची आणि मालवाहू बोटी खेळण्यांएवढ्या दिसायच्या. "शोन, ओडर?" तिनं विचारलं. छान आहे ना, असं विचारत होती बिचारी, आणि बघत होती बापाच्या तोंडाकडे. त्यांनी नुसतं "वा" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी कोपरानं ढोसलंसुद्धा. पण रणपिसे काचेची कड चाचपत होते. चाचपता चाचपता त्यांना कोपऱ्यात एक झाकण सापडलं आणि झाकणाआड एक लाल दांडा. दांडा दिसला की जर्मनीत मुरलेल्या माणसाला तो खिडकीचाच वाटतो. त्यांनी तो खाली ओढला.

आगीचा भोंगा असा वाजला की माझ्या हातातला पेला पडला. मजल्यावरची सगळी माणसं शिस्तीत उठून जिन्याकडे चालू लागली. दोन रखवालदार धावत आले. छताजवळची धुरासाठीची झडप मात्र खरोखरच उघडली होती, आणि तिच्याखाली उभे राहून रणपिसे आनंदानं म्हणाले, "बघ, उघडते!"

सगळ्यांची माफी मागून रुजुता आमच्याबरोबर खाली आली. नदीकाठच्या रस्त्यावर पोचेपर्यंत तिनं दम धरला आणि मग ती जर्मनमध्ये कडाडली. एवढ्या लांबून तू खिडक्या उघडायला आलास? मी इथं काय करते, कशी आहे, याचं तुला काहीच नाही? संपलं सगळं, असं मला वाटलं. वीणाताईंना आता काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करू लागले.

रणपिसे कठड्याला टेकले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना इतकं हळू बोलताना ऐकलं.

"आपलं पहिलं घर तुला आठवायचं नाही. झिंडेलफिंगेनला, तळघरात होतं. भिंतीला बुरशी. मी नवा, मला काही कळत नव्हतं. तुला थंडी लागू नये म्हणून सगळं घट्ट बंद करून ठेवायचो. तुझी छाती भरायला लागली. श्वास घेतलास की शिट्टी वाजायची. डॉक्टरीणबाई म्हणाली, अहो, पोरीला हवा तरी द्या." त्यांनी वर मनोऱ्याकडे बघितलं. "तू इथं इतकी उंच, बंद काचेत. श्वास नीट येतो का तुला, एवढंच बघायचं होतं मला. नोकरीचं भांडण उगीच काढलं मी. भीती वाटते, असं म्हणता येईना."

रुजुतानं पर्समधून दम्याचा पंप काढून त्यांच्या हातात दिला. रणपिसेंनी चष्मा लावून त्यावरची मुदत वाचली, पंप कानाशी नेऊन हलवून बघितला आणि मान डोलावली. ती रडता रडता हसली. मग काही न सांगता वळून त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली, लहान मूल डॉक्टरांपुढे राहतं तशी.

हातात कॉफीचे पेले घेतलेली माणसं आजूबाजूनं जात होती. माझे डोळे भरून आले होते. रणपिसेंनी आपला तळवा तिच्या पाठीवर टेकवला आणि डोळे मिटले. तिनं मोठा श्वास घेतला, सोडला.

"अजून एकदा घे," ते म्हणाले.

तिनं घेतला.