फोनची दहावी

एकाच आठवड्यात, एकाच साहेबांच्या सहीने, शाळेला दोन परिपत्रकं आली. पहिल्यात म्हटलं होतं की वर्गात कोणताही विद्यार्थी मोबाईलसह आढळल्यास मुख्याध्यापकांना जबाबदार धरण्यात येईल. दुसऱ्यात म्हटलं होतं की दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा मोबाईल प्रत्येक तासाला वर्गातूनच ‘ज्ञानगरुड’ या अ‍ॅपवर चालू असावा, अन्यथा मुख्याध्यापकांना जबाबदार धरण्यात येईल. मुख्याध्यापक भिकाजी रसाळ यांनी नम्रपणे मार्गदर्शन मागवलं. उत्तर कधी नव्हे ते तत्परतेने आलं: दोन्ही परिपत्रकांचे तंतोतंत पालन करावे.

रसाळ सर निवृत्तीला टेकले होते आणि त्यांना पेन्शन विनाकटकट हवी होती. त्यांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून रात्रभर विचार केला आणि सकाळी शिक्षकांच्या खोलीत शांतपणे निर्णय सांगितला.

“मोबाईल वर्गात नको, असं कुठंच लिहिलेलं नाही. विद्यार्थी मोबाईलसह नको, एवढंच आहे. तेव्हा मोबाईल वर्गात बसतील आणि मुलं व्हरांड्यात.”

गणिताच्या दमयंती मयेकरबाईंना ही थट्टा वाटली. बाई रत्नागिरीत मांडवीला राहायच्या आणि रोज एसटीचे हिसके खात या गावात यायच्या. बोर्डाच्या परीक्षेआधी दहावीला त्रिकोणमिती नीट यायला हवी, हा त्यांचा एकच हेका होता. ईशा नावाची एक हुशार पोर होती, तिला पुढे पॉलिटेक्निकला जायचं होतं आणि तिची गाडी नेमकी याच धड्याशी अडली होती. बाईंचा स्वतःचा सर्वेशही यंदा दहावीलाच होता, पण तो शहरातल्या भरपूर फी घेणाऱ्या शाळेत. त्याची चिंता नव्हती. रोज संध्याकाळी बाईंच्या मोबाईलवर ‘आपला पाल्य: उत्कृष्ट’ असा संदेश यायचा, सोबत एक सोनेरी बिल्ला. बाई तो नातेवाइकांच्या ग्रुपवर लगेच टाकायच्या.

तर दुसऱ्या दिवसापासून दहावीचा वर्ग भरू लागला. एकेका बाकावर चार चार फोन, हजेरीपटाच्या क्रमाने. शिपाई रावजी घंटा देऊन आत जायचा, प्रत्येक फोनवर बोट टेकवून धडा सुरू करायचा आणि दार ओढून घ्यायचा. मुलं व्हरांड्यात मांडी घालून बसायची आणि खिडकीतून आपापल्या फोनचा अभ्यास बघायची.

आठवडाभरात एक गोष्ट साऱ्या गावाच्या लक्षात आली. मूल आलं नाही तरी चालतं, फोन आला पाहिजे. ईशाचे वडील विनोद लोट्याच्या एमआयडीसीत कंपनीत कामाला. त्यांनी स्वतःचा फोन लेकीच्या शिक्षणासाठी दिला होता आणि शिफ्ट बदलली की त्यांना ते कंपनीच्या बसमध्येच कळायचं. ईशाला ताप आला तेव्हा ती घरी राहिली, फोन मात्र शेजारणीबरोबर वेळेवर शाळेत पोचला. भातकापणीच्या दिवसांत तर व्हरांडा ओस पडला आणि हजेरी शंभर टक्के झाली. अशी हजेरी शाळेच्या इतिहासात कधी लागली नव्हती.

दुपारच्या उन्हात फोन तापू लागले, म्हणून उपकरण-सुरक्षा या शीर्षकाखाली वर्गाला दोन पंखे मंजूर झाले. मुलांसाठी बाई कैक वर्षं पंखा मागत होत्या.

बाईंनी सुरुवातीला व्हरांड्यातच, भिंतीवर खडूने शिकवलं. पण त्यांच्या मोबाईलमधल्या ज्ञानगरुडानेच त्यांची चहाडी केली. ‘शिक्षक वर्गाबाहेर’ अशी लाल खूण वर पोचली आणि रसाळ सरांनी त्यांना बोलावून शिक्षकाची जागा वर्गात असते याची आठवण करून दिली. मग बाई वर्गात उभ्या राहिल्या. समोर फोन, वर गरागरा फिरणारे पंखे. त्यांनी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला आणि घसा खाकरून कर्णाची व्याख्या सांगितली. तिसऱ्या बाकावरचा एक फोन मध्येच वाजला, त्यावर ‘मैना कोळीण’ असं नाव आलं. त्या दिवशी बाजारात काय मासळी आली हे विचारायचा बाईंना फार मोह झाला. पण त्यांना रडूच आलं, आणि का म्हणून विचारायलाही वर्गात कुणी नव्हतं.

शेवटी त्यांनी चोरीचा मार्ग धरला. मधल्या सुट्टीत स्वतःचा मोबाईल वर्गातल्या टेबलावर ठेवायचा आणि मागच्या फणसाखाली मुलांना जमवून शिकवायचं. डबे उघडे ठेवून, एका हाताने जेवत मुलं त्रिकोणमिती शिकू लागली. ईशाला पहिल्यांदाच उत्तर बरोबर आलं आणि ती एवढी हरखली की डब्यातली भाकरी मातीत पडली.

नेमकी त्याच दिवशी तपासणी आली. साहेबांनी खिडकीतून दहावीचा वर्ग पाहिला आणि ते भारावले. एवढी शिस्त, म्हणाले, मी जिल्ह्यात पाहिली नाही. मग ते हात धुवायला मागे गेले.

“हे काय चाललंय?”

“गणित शिकवतेय, साहेब.”

“कुणाच्या परवानगीने?”

बाईंकडे परवानगी नव्हती. त्यांना ‘अनधिकृत अध्यापन’ या सदराखाली नोटीस मिळाली. फणसाखाली बसण्यास मनाई असल्याची पाटी रावजीने त्याच संध्याकाळी ठोकली.

सहामाही झाली ती अ‍ॅपवर. ज्ञानगरुडात ‘सुचवलेले उत्तर’ अशी सोय होती. रावजीने प्रत्येक फोनवर बोट टेकवलं आणि दहावीचा निकाल शंभर टक्के लागला. तेव्हा मात्र बाईंचा संयम सुटला. पालकसभेत, रसाळ सर डोळ्यांनी नको नको म्हणत असताना, त्या उभ्या राहिल्या. तुमची मुलं कित्येक महिने व्हरांड्यात बसली आहेत, पास झाले ते फोन आहेत, बोर्डाच्या परीक्षेला फोन आत घेत नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं.

सभेत कुजबुज झाली. विनोद उठले.

“बाई, रोज सांजचा फोन घरी येतो तेव्हा त्याच्यावर ‘उत्कृष्ट’ येताय. सगळ्यांना येताय. तुमी एकट्याच वाईट सांगताव. मोबाईल कशाला खोटा बोलेल? त्याचा आमच्याशी काय वाकडा हाय?”

ईशा मागे उभी होती. ती पुढे आली.

“बाबा, बाई खरा सांगतायत. मला नाय येत गणित.”

“तू गप ऱ्हा,” विनोद म्हणाले. “तुला तुज्यातला काय कळताय?”

सभेने एकमताने दोन ठराव केले. एक, मुख्याध्यापकांचं अभिनंदन. दोन, मुलांचं मन खच्ची करणाऱ्या शिक्षिकेबद्दल वर तक्रार. दुसऱ्या ठरावासाठी हात वर केलेल्यांत बायका जास्त होत्या, कारण आपापल्या पोरांचे सोनेरी बिल्ले त्यांनीच ग्रुपवर टाकले होते.

संध्याकाळच्या एसटीत बाई धुमसत बसल्या. या अडाणी लोकांना काय सांगायचं, स्वतःच्या पोरीपेक्षा यंत्रावर विश्वास, असं त्या मनाशी घोकत राहिल्या. मांडवीला घरी पोचल्या, तर सर्वेश जमिनीवर लोळत होता. पदर खोचून त्यांनी त्याच्यासमोर कागद ठेवला आणि काटकोन त्रिकोण काढला.

“यातला कर्ण कुठला?”

सर्वेशने कागद उलटासुलटा केला.

“आई, हे फोनला शिकवलंय,” तो म्हणाला. “आम्ही हॉलमध्ये बसतो.”

तेवढ्यात बाईंचा मोबाईल वाजला. सर्वेश मयेकर, गणित, अत्युत्कृष्ट, आणि या वेळी बिल्ल्यावर हिरा. अ‍ॅपने तो परस्पर नातेवाइकांच्या ग्रुपवरही पोचवला होता. नणंद नम्रताने लिहिलं होतं, ‘बाईंचा मुलगा आहे, होणारच!’ खाली टाळ्यांची रांग लागली होती.

खरं काय ते लिहावं म्हणून बाईंनी दोन शब्द टाईप केले. ते पुसले. पुन्हा एक ओळ लिहिली, तीही पुसली. मग ‘सगळ्यांचे मनापासून आभार’ असं लिहून त्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि कागदावरचा त्रिकोण घडी घालून कपाटावर ठेवला.

“सर्वेश,” स्वयंपाकघरात जाता जाता त्या म्हणाल्या, “फोन चार्जिंगला लाव बाबा. उद्या त्याचा पेपर आहे ना.”